दुभत्या शेळ्या विकताना: चांगले घर मिळेपर्यंतची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दुभती शेळी विकायची वेळ येते तेव्हा बहुतेक शेळीपालक एकाच पद्धतीने चुकतात. पैशाची किंवा जागेची अडचण उभी राहते, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर दोन फोटो टाकले जातात, जो पहिला माणूस रोख रक्कम घेऊन दारात येतो त्याच्याशी भाव ठरतो, आणि शेळी टेम्पोत चढल्यावर लस, वेत (ती कितव्यांदा व्याली) आणि धारेच्या सवयी यांचा विषय निघतो. अशी गेलेली शेळी फार काळ एका दावणीला राहत नाही. नव्या मालकाला ती समजलेली नसते, दूध कमी पडले की तो तिला आठवडी बाजारात नेतो, आणि तिथून ती कुठे जाते हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

हा लेख अशा शेळ्यांसाठी आहे ज्या दुधावर ठेवल्या जाव्यात असे आपल्याला मनापासून वाटते: संगमनेरी, सुरती, त्यांच्या संकरातल्या, आणि घरची करडे पोसून वर लिटरभर दूध देणाऱ्या निवडक उस्मानाबादी शेळ्या. त्यांच्या विक्रीत आधी घर निश्चित करावे, मग भाव बोलावा आणि शेवटी पाठवणी करावी. या सगळ्याला सहा आठवडे लागतात. पैशाची निकड आजच असेल तर आधी बोकड विकून ती भागवावी आणि दुभत्या शेळ्यांसाठी तेवढा वेळ मिळवावा, कारण घाईच्या विक्रीत गिऱ्हाईक निवडण्याची मुभा राहत नाही.

टप्पा १: कोणती शेळी कोणत्या घरासाठी, हे आधी लिहून काढावे

विकायच्या शेळ्यांची यादी करताना प्रत्येक शेळीपुढे चार गोष्टी लिहाव्यात: दात, वेत, सध्याची अवस्था आणि दोष. दातांवरून वय सांगताना अंदाज जपून बांधावा. दोन दाती शेळी साधारण एक ते दीड वर्षाची, चार दाती दोन वर्षांच्या आसपासची, सहा दाती अडीच ते तीन वर्षांची आणि आठही दात आलेली, म्हणजे जुळलेली, साडेतीन वर्षांच्या पुढची असते. जुळल्यानंतर दातांची झीज आणि फटी पाहूनच बोलावे लागते. त्यामुळे करडांच्या जन्मतारखा वहीत असतील तर त्याच ग्राह्य धराव्यात.

दोषांच्या रकान्यात काहीही लपवू नये. एका सडातून कमी दूध येणे, धारेला लाथ मारणे, कुंपणावरून उडी मारणे, दुसऱ्या शेळ्यांना खुराकावरून हाकलणे, मागच्या वेताला अडकलेले करडू किंवा न पडलेला वार (करडामागून पडणारे वेष्टन), या सगळ्या गोष्टी नव्या मालकाला पहिल्या आठवड्यात कळणारच असतात. आधी सांगितलेला दोष तो सांभाळून घेतो, पण तोच दोष नंतर स्वतः शोधून काढावा लागला तर फसवणूक झाल्याच्या रागात तो शेळी विकून टाकतो.

काही शेळ्या दुभत्या म्हणून विकूच नयेत. वारंवार दगडी (कासेचा दाह) होऊन कास कडक राहिलेली शेळी, सलग दोन वर्षे गाभण न राहिलेली शेळी, आणि ब्रुसेलोसिसच्या तपासणीत सापडलेली शेळी यांचा या यादीत समावेश करू नये. ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून आणि गर्भपाताच्या स्रावातून माणसाला होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. अशा शेळीचे काय करायचे ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे.

जोड्यांचा विचारही याच टप्प्यात करावा. शेळी कळपाचे जनावर आहे. एकटी नेलेली शेळी दिवसदिवस ओरडते, खाणे सोडते आणि आटते. गिऱ्हाइकाकडे आधीच्या शेळ्या नसतील तर एकटी शेळी देऊ नये. एकत्र वाढलेल्या दोन शेळ्या, किंवा आई आणि तिची दूध तुटलेली पाट (मादी करडू), अशी जोडी सर्वांत लवकर रुळते.

*तपासणी: शेळी योजनेतून, बँकेच्या कर्जातून किंवा विम्यासह घेतलेली आहे का? योजनेच्या अटी, बँकेची परवानगी आणि विमा नव्या मालकाच्या नावे करण्याची पद्धत गिऱ्हाईक शोधण्याआधीच विचारून घ्यावी. व्यवहार ठरल्यावर अडलेली शेळी दोन्ही घरांना त्रास देते.*

टप्पा २: विक्रीची वेळ शेळीच्या अवस्थेवरून ठरवावी

शेळीचा गाभण काळ सरासरी १५० दिवसांचा असतो. पहिल्या महिन्यात प्रवासाच्या ताणाने गर्भ न टिकण्याचा धोका असतो, आणि शेवटच्या महिन्यात हलवल्यास गर्भपात होणे किंवा खाणे बंद होऊन शेळी बसणे असे प्रकार होतात. म्हणून गाभण शेळी दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान द्यावी. व्यालेली शेळी पहिले पंधरा दिवस हलवू नये. दुधावरच्या शेळीसाठी सर्वांत चांगला काळ म्हणजे करडे तीन महिन्यांची होऊन दूध तुटल्यानंतरचा, कारण तेव्हा तिचे खरे दूध मोजता येते आणि करडांपासून तोडल्याचा दुसरा ताण प्रवासाच्या ताणावर चढत नाही. आईचे दूध मोजमापात जास्त दिसावे म्हणून करडे दोन-तीन आठवड्यांची असतानाच तोडून विकणे हा प्रकार दुर्दैवाने रूढ होत आहे आणि त्यात करडे दगावतात.

सणांचे गणितही ध्यानात घ्यावे. बकरी ईद आणि आखाड या काळात बाजारात मांसासाठीची मागणी चढते, दलाल गावोगाव फिरतात आणि "पाळायलाच नेतो" हे वाक्य सगळ्यांत जास्त याच दिवसांत ऐकू येते. गाभण किंवा तीन महिन्यांच्या आतले पिलू असलेल्या जनावराच्या कत्तलीला २००१ च्या कत्तलखाना नियमांनी मनाई केलेली आहे, पण गावाबाहेर गेलेल्या शेळीच्या बाबतीत तो नियम पाळला गेला की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही. त्यामुळे या काळाच्या आधीचे तीन आठवडे दुभती शेळी विकायला काढूच नये, हा नियम मी स्वतः पाळतो.

टप्पा ३: आरोग्याची तयारी, तीही योग्य क्रमाने

इथे सर्वाधिक चुका क्रमात होतात. लस, जंतनाशक आणि तपासण्या हे सगळे विक्रीच्या आदल्या दिवशी उरकले जाते आणि त्यातले काहीच उपयोगी पडत नाही. सहा आठवड्यांचा क्रम असा ठेवावा.

१. पहिल्या आठवड्यात ताज्या लेंड्यांचा नमुना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावा आणि गरज असेल तरच, सांगितलेल्या मात्रेत जंतनाशक पाजावे. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये. गाभण आहे की नाही याची खात्री नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

२. त्याच आठवड्यात ब्रुसेलोसिससाठी रक्ततपासणी आणि कासेची तपासणी करून घ्यावी. घरच्या घरी करायची सोपी तपासणी म्हणजे प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत किंवा काळ्या कापडावर काढून त्यात गाठी, फुटके दूध, पाणचटपणा किंवा रक्ताची छटा दिसते का ते पाहणे. कास रिकामी केल्यानंतर हाताने चाचपून गाठ आणि उष्णता तपासावी, कारण भरलेल्या कासेत गाठ लपते.

३. दुसऱ्या आठवड्यात राहिलेल्या लसी टोचून घ्याव्यात. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) या दोन लसींची चौकशी जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा करतो. आंत्रविषाराची लस पहिल्यांदाच दिली जात असेल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. लसीची ताकद अंगात येण्यास दोन-तीन आठवडे जातात, म्हणून आज लस आणि उद्या प्रवास असे कधीही करू नये. अनेक लसी एकाच दिवशी उरकण्याचा आग्रहही डॉक्टरांकडे धरू नये.

४. तिसऱ्या आठवड्यात खुरे कापावीत. वाढलेली खुरे पाहून जाणकार माणूस बाकीच्या सांभाळाविषयीही शंका घेतो आणि त्याची शंका बहुधा खरी असते.

५. कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर तो दवाखान्यातून मारून घ्यावा आणि भारत पशुधन प्रणालीवर नोंद झाल्याची खात्री करावी. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला शासनाने प्रतिबंध केलेला आहे. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

*इशारा: कोणत्याही शेळीला प्रतिजैविक दिलेले असेल तर औषधाचे नाव, शेवटची मात्रा आणि दूध किती दिवस वापरू नये हे गिऱ्हाइकाला लिहून द्यावे. त्या दिवसांत दुधाचे मोजमापही करू नये.*

टप्पा ४: दूध मोजावे आणि प्रत्येक शेळीचे एक पान तयार करावे

"दीड लिटर देते" हे तोंडी वाक्य कोणीच खरे धरत नाही. सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ एकाच वेळी, फेस बसू देऊन माप किंवा वजन घ्यावे आणि सातही दिवसांचे आकडे जसेच्या तसे लिहावेत. मोजणी सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी कास पूर्ण रिकामी केलेली असावी, म्हणजे पहिल्या दिवसाचा आकडा फुगणार नाही. सर्वांत चांगल्या दिवसाचा आकडा जाहिरातीत घालण्याचा मोह आवरून सरासरी सांगावी, आणि व्यायल्यापासून हा कितवा महिना आहे तेही सांगावे, कारण दुसऱ्या महिन्यातले सव्वा लिटर आणि सहाव्या महिन्यातले सव्वा लिटर यांत फार फरक आहे.

कास मोठी दिसावी म्हणून एक वेळची धार चुकवून कास तुंबवून ठेवणे हा बाजारातला जुना प्रकार आहे. त्याने शेळीला वेदना होतात, दगडीचा धोका वाढतो आणि पुढच्या दोन दिवसांत खोटेपणा उघड होतो. तो प्रकार करू नये. करणाऱ्याकडून शेळी घेऊही नये.

शेळीच्या पानावर बिल्ल्याचा क्रमांक, दात आणि वय, आई-बाप माहीत असल्यास त्यांची नोंद, प्रत्येक वेताची तारीख आणि करडांची संख्या, कोणत्या बोकडाकडे कधी फळवली, लसी आणि जंतनाशकाच्या तारखा, दुधाचे सात दिवसांचे आकडे आणि टप्पा १ मधले दोष असावेत. त्याखाली रोजचा दिनक्रम लिहावा: धार किती वाजता काढतो, कोणत्या बाजूने बसतो, धारेच्या वेळी खुराक देतो का, कोणता चारा किती, पाणी केव्हा. नव्या घरात शेळी टिकण्यासाठी या खालच्या चार ओळी वरच्या सगळ्या नोंदींइतक्याच उपयोगी पडतात.

टप्पा ५: भाव ठरवताना मांसाची रेष ओळखावी

हा टप्पा कोरडा वाटला तरी शेळी कुणाच्या हाती जाणार हे बऱ्याच अंशी इथेच ठरते. दुभत्या शेळीची किंमत तिच्या मांसाच्या किमतीइतकी किंवा त्याहून कमी ठेवली, तर ती घेणे खाटकाला किंवा दलालाला लगेच परवडते, आणि मग आपण कितीही प्रश्न विचारले तरी येणाऱ्या फोनपैकी निम्मे त्यांचेच असतात.

काटा नसेल तर वजनाचा अंदाज टेपने येतो. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचांत मोजावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी इंचांत मोजावी, घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून ६६० ने भागावे, म्हणजे वजन किलोत मिळते. घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असेल तर वजन सुमारे ३१ किलो येते. समजा आपल्या भागात जिवंत वजनाचा भाव किलोला ३५० रुपये चालू असेल, तर मांसाची रेष १०,८५० रुपयांवर आहे. दुधाच्या शेळीची मागणी या रेषेच्या स्पष्टपणे वर असली पाहिजे, आणि ती का वर आहे हे शेळीच्या पानावरून दाखवता आले पाहिजे.

चांगल्या पण पैशाने अडलेल्या घराला शेळी द्यायची इच्छा असेल तर जाहिरातीतला भाव कमी करू नये. घर पाहून, खात्री झाल्यावर, समोरासमोर सूट द्यावी किंवा हप्ते करावेत. "फुकट चांगल्या घरी" अशी जाहिरात तर कधीच देऊ नये. अशा जाहिरातीला सर्वांत आधी ज्यांचे फोन येतात ते शेळ्या पाळणारे नसतात.

टप्पा ६: गिऱ्हाईक कुठे शोधावे

लोणंद, घोडेगाव, काष्टी, चाकण, सांगोला अशा आठवडी बाजारांत शेळ्यांची मोठी उलाढाल होते आणि भाव समजून घ्यायला तिथे जरूर जावे, पण दुभती शेळी घेऊन जाऊ नये. बाजारात गिऱ्हाइकाचा गोठा दिसत नाही, विचार करायला वेळ मिळत नाही, आणि वेगवेगळ्या कळपांच्या संसर्गात उभी राहिलेली शेळी न विकता परत आणली तर ती घरच्या कळपालाही रोग देऊ शकते.

पहिली विचारणा ज्यांनी पूर्वी आपल्याकडून शेळी किंवा पाट नेली आणि ती अजून ज्यांच्या दावणीला आहे त्यांच्याकडे करावी. त्यानंतर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर आणि गावोगावच्या पशुसखी (जनावरांची प्राथमिक सेवा करणाऱ्या गावातल्या प्रशिक्षित महिला) यांना सांगावे. कोणाच्या गोठ्यात करडे मरतात आणि कोणाच्या वाढतात हे पशुसखीइतके कोणालाच ठाऊक नसते. शेळीच्या दुधाचा व्यवसाय करणारे, कृषी विज्ञान केंद्रात शेळीपालनाचे प्रशिक्षण घेतलेले आणि महिला बचत गट हे तिसरे वर्तुळ. संगमनेरीसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आणि उस्मानाबादीसाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा शेळीपालकांशी जुना संपर्क आहे, त्यामुळे जातिवंत शेळ्या असतील तर तिथे प्रशिक्षण घेतलेल्या पालकांची चौकशी जरूर करावी.

अनुदानाच्या योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड घेणारे लाभार्थी एकरकमी सगळा कळप नेतात, म्हणून ते सोयीचे वाटतात. त्यांच्यात मेहनती माणसे पुष्कळ असतात. परंतु ज्याने एकही शेळी सांभाळलेली नाही त्याला दहा दुभत्या शेळ्या एकदम देणे ही त्या माणसाचीही अडचण करणारी गोष्ट आहे. त्याने आधी महिनाभर येऊन धार शिकावी असे सुचवावे. जो येतो तो टिकतो.

जाहिरात द्यायचीच असेल तर तीत "फक्त दुधासाठी, गोठा पाहून देणार" हे पहिल्या ओळीत लिहावे. फोटो धार काढल्यानंतरच्या रिकाम्या कासेचाही असावा. घराचा पूर्ण पत्ता टाकू नये.

*इशारा: लांबून बोलणारा, शेळी न पाहताच पूर्ण रक्कम पाठवतो म्हणणारा आणि पैसे "मिळण्यासाठी" क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही.*

टप्पा ७: आधी फोनवर प्रश्न, मग गोठ्याला भेट

मी सुरुवातीच्या काळात या टप्प्यावर एकदा हयगय केली. स्वच्छ कपड्यांतला, नम्र बोलणारा एक माणूस आला, "घरी मुलांना दूध हवे" म्हणाला आणि तीन वेतांच्या दोन शेळ्या घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्यातली एक मला आठवडी बाजारात दिसली आणि दुसरी दिसली नाही. मी त्याला एकच प्रश्न विचारला असता तर ते टळले असते: धार कोण काढणार?

खऱ्या पाळणाऱ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नावानिशी असते. "आई काढते", "मी सकाळी, बायको संध्याकाळी" असे तो सहज सांगतो. ज्याला शेळी दुधासाठी नकोच आहे तो इथे अडखळतो किंवा विषय भावाकडे वळवतो. त्यानंतरचे प्रश्न पुढीलप्रमाणे विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत भाव बोलू नये.

१. सध्या कोणती जनावरे आहेत, आणि मागच्या वर्षी किती शेळ्या होत्या? कमी झाल्या असतील तर कशाने?

२. माजावर आल्यावर बोकड कुठून आणणार? दुधावर ठेवणारा माणूस पुढच्या वेताचा विचार केलेला असतो.

३. उन्हाळ्यात चारा कोणता? "चरायला सोडतो" एवढेच उत्तर दुभत्या शेळीला पुरेसे नाही. तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट, शेवरी, सुबाभूळ, लसूण घास यांपैकी काय साठवले किंवा लावले आहे ते विचारावे.

४. आजारी पडली तर कोणाला बोलावणार?

५. भाकड झाली की काय करणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. "पुन्हा फळवू, दोन महिने तशीच सांभाळू" म्हणणाऱ्याच्या घरी शेळी निर्धास्त द्यावी. "तेव्हाचे तेव्हा बघू" म्हणणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत.

घरात कोणाला डेंग्यू झाला, शेळीच्या दुधाने तो बरा होतो या समजुतीने शेळी विकत मागणारे पावसाळ्यात बरेच येतात. त्यांची काळजी खरी असते, पण त्यांना महिनाभरानंतर शेळी नको असते. त्यांना हवे तर दूध द्यावे, उकळून घ्यायला सांगावे आणि उपचार डॉक्टरांकडेच करायला सांगावेत. शेळी देऊ नये.

फोनवर समाधान झाले की गोठा पाहायला जावे, शक्यतो संध्याकाळच्या धारेच्या वेळी. पायाखालची जमीन कोरडी आहे का, पाण्याचे भांडे आतून हिरवे शेवाळलेले आहे का, गव्हाण जमिनीपासून उंच आहे का, आधीच्या शेळ्यांची खुरे आणि शेपटीखालचा भाग कसा आहे, आणि करडांच्या डोळ्यांत तरतरी आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. पक्के शेड नसल्याने घर वाईट ठरत नाही. मी पाहिलेल्या उत्तम गोठ्यांपैकी काही कुडाचे होते. कोकणात शेळी द्यायची असेल तर मात्र निवाऱ्याकडे कसोशीने पाहावे. कमी पावसाच्या भागातली संगमनेरी तिथल्या सततच्या ओलीत खुरांच्या दुखण्याने आणि जंतांनी लवकर खचते. उंचावर फळ्यांचा माच आणि भिजू न देणारा आडोसा असेल तरच द्यावी, नाहीतर तिथल्या हवेला सरावलेली कोकण कन्याळ जातीची शेळी घ्या असे प्रांजळपणे सुचवावे.

*तपासणी: गोठा दाखवायला नकार, पत्ता सतत बदलणे, "टेम्पो घेऊनच येतो, आजच द्या" अशी घाई, दुधाविषयी एकही प्रश्न न विचारता थेट पाठीवर आणि कमरेवर हात फिरवून वजन पाहणे. यांपैकी दोन गोष्टी आढळल्या तर नम्रपणे नकार द्यावा.*

टप्पा ८: व्यवहार आणि कागद

गिऱ्हाइकाला सकाळच्या आणि संध्याकाळच्या अशा सलग दोन धारांना बोलवावे आणि दुसरी धार त्याला किंवा त्याच्या घरच्या धार काढणाऱ्या व्यक्तीला स्वतः काढू द्यावी. यातून दूध सिद्ध होते, शेळीला नवा हात कळतो, आणि पिळण्याऐवजी सड ओढण्याची सवय असेल तर ती तिथेच सुधारता येते.

पसंती झाली की इसार घ्यावा आणि शेळी नेण्याची तारीख ठरवावी. त्या दिवसांत दुसऱ्या कोणाला जास्त भावाने शब्द देऊ नये. साध्या कागदावर दोन प्रती कराव्यात. त्यांत दोघांची नावे आणि पत्ते, बिल्ल्याचा क्रमांक, किंमत, इसार, सांगितलेले दोष, गाभण असल्यास तशी खात्री केल्याची किंवा न केल्याची नोंद, आणि "शेळी पुन्हा विकायची झाल्यास आधी मूळ मालकाला विचारले जाईल" ही ओळ असावी. या ओळीवरून कोणी न्यायालयात जात नाही हे खरे आहे, पण ती लिहिताना जो कुरकुर करतो तो ओळखता येतो, आणि जो आनंदाने सही करतो तो पुढे खरोखरच फोन करतो. व्यवहारानंतर कानातल्या बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नावे करून घ्यावी.

टप्पा ९: पाठवणी

प्रवासाच्या दिवशी सकाळी धार काढावी, भुसकट आणि पाणी द्यावे, धान्याचा खुराक टाळावा. उन्हाळ्यात पहाटे निघावे. वाहनाच्या तळाला गोणपाट किंवा भुसकटाचा थर टाकावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाय बांधून आडवी टाकून किंवा दुचाकीवर धरून दुभती शेळी नेऊ देऊ नये. बोकड त्याच कप्प्यात नसावा. सहा तासांहून लांबचा प्रवास असेल तर १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो. जवळचा प्रवास असला तरी दाखला आणि विक्रीचा कागद सोबत ठेवणे हिताचे असते.

सोबत आठ-दहा दिवसांचा नेहमीचा चारा आणि खुराक बांधून द्यावा. नव्या घरी पहिल्या दिवशी पाहुणचार म्हणून मक्याचा भरडा, शिळा भात, पोळ्या किंवा लग्नातले उरलेले अन्न भरपूर घातले जाते आणि पोटात आम्ल वाढून धडधाकट शेळी दोन दिवसांत दगावते. मी ही एक सूचना कागदावर लाल शाईने लिहून देतो आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना तोंडीही सांगतो, कारण मायेने खाऊ घालणारा हात बहुधा त्यांचाच असतो. आठवडाभरात जुना चारा थोडा थोडा कमी करत नवा वाढवावा. गळ्यातले जुने दावे आणि घंटा तशीच राहू द्यावी.

टप्पा १०: पहिले तीन आठवडे

शेळी गेल्यावर विक्री संपली असे समजणे ही शेवटची आणि फार महागात पडणारी चूक आहे. जागा बदलल्यावर दूध आठ-दहा दिवस कमी होते, कधी निम्म्यावर येते. ही गोष्ट आधी सांगितलेली नसेल तर नवा मालक चौथ्या दिवशी आपल्याला फसवले गेले असे समजतो, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फेरविक्री या पहिल्या महिन्यातच झालेल्या आहेत. म्हणून इसार घेतानाच दूध घटेल हे सांगावे, आणि धारेच्या वेळा, बाजू आणि खुराक सुरुवातीला आपल्याकडच्याप्रमाणेच ठेवायला सांगावे.

नवी शेळी किमान तीन आठवडे जुन्या कळपापासून वेगळी बांधावी, पण दुसरी शेळी दिसेल इतक्या अंतरावर. तिचे पाण्याचे भांडे वेगळे असावे आणि तिची धार सर्वांत शेवटी काढावी. ताप, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण किंवा कास गरम लागणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांना बोलवावे आणि आपल्यालाही कळवावे, कारण तो आजार आपल्या गोठ्यातही असू शकतो.

आपण पहिला फोन दुसऱ्या दिवशी करून खाणे आणि लेंड्या विचाराव्यात, दुसरा आठव्या दिवशी करून दूध विचारावे, आणि तिसरा तीन आठवड्यांनी, कळपात मिसळल्यानंतर, मारामारी होते का ते विचारण्यासाठी करावा. गाभण म्हणून दिलेली शेळी या तीन आठवड्यांत माजावर आली तर ती उलटली आहे, म्हणजे गाभण नाही, असे समजून पुन्हा फळवण्याची सोय आपल्या बोकडाकडे करून द्यावी.

एखादे वेळी शेळी परत घ्यावी लागते. त्यासाठी विक्रीच्या रकमेतला काही भाग महिनाभर वेगळा ठेवावा आणि गोठ्यात एक कोपरा मोकळा राखावा. परत आलेली शेळी आपलीच असली तरी ती तीन आठवडे वेगळीच बांधावी, आणि तिची लेंडी व कास पुन्हा तपासून मगच तिला जुन्या दावणीला घ्यावे.